वास येतोय, पण विचारायचं कुणाला?

मागच्या अंकात डोंबिवलीच्या स्फोटांवर दोन पानं लिहिली आणि त्यावर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून इतकं काही आलं की संपादक म्हणाले या महिन्याचं प्रश्नोत्तरांचं सदर तुम्हीच चालवा. माझी ओळख एवढीच की केमिकल कारखान्यांत आधी शिफ्टचा केमिस्ट आणि नंतर सेफ्टी ऑफिसर असं मिळून एकतीस वर्षं काढली, त्यामुळे मालकाच्या शिव्याही खाल्ल्यात आणि कामगारांच्याही. वकील नाहीये, तेव्हा कोर्टात जायचं असेल तर वकिलालाच विचारा. सगळी पत्रं घेता आली नाहीत, ज्यात बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता ती घेतलीत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : काका, आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, एमआयडीसी फेज टू चालत दहा मिनिटांवर. २०१६ ला आमच्या खिडक्यांच्या काचा गेल्या, २०२४ ला परत गेल्या. मध्यरात्री दीड-दोनला कसला तरी वास येतो, सकाळी विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो आमच्याकडून नाही. समोरच्या प्लॉटमध्ये काय बनतं हे कळायचा आम्हाला काही हक्क आहे का? सासूबाई म्हणतात आपण राहायला आलो तेव्हा कारखाने होतेच, मग आता तक्रार कशाची. (एक गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. कारखाने आधीचेच आहेत, साठच्या दशकातले, आणि मधे जी मोकळी जागा राहायला हवी होती ती नंतर बिल्डिंगांनी भरली, आणि त्या बिल्डिंगांना परवानगी देणारे काही कारखानदार नव्हते. पण आधी आलो म्हणून शेजाऱ्याला अंधारात ठेवायचा परवाना मिळतो असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही, उलट लिहिलंय.

तुमचा हक्क आहे, आणि तो आजचा नाही. १९८९ साली घातक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात याबद्दलचे केंद्राचे नियम आले, त्यातला १५ वा नियम नीट वाचा. त्यात म्हटलंय की कारखान्याबाहेरच्या ज्या लोकांना मोठ्या अपघाताची झळ बसू शकते त्यांना धोका कसला आहे आणि अशा वेळी काय करायचं, काय करायचं नाही, हे कारखानदाराने आपणहून सांगायचं, थेट किंवा जिल्ह्याच्या यंत्रणेमार्फत. आपणहून, म्हणजे तुम्ही विचारायच्या आधी. तुम्ही एवढी वर्षं तिथे राहताय, तुमच्या दारात कुणी एक छापील कागद तरी आणून दिला का? मी ज्या ज्या सोसायट्यांमध्ये बोलायला गेलो तिथे हा प्रश्न विचारला, आणि उत्तर म्हणून लोक हसले.

आता यातली गोम सांगतो. हा नियम साठा ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच लागू होतो, म्हणजे क्लोरीन १० टन, अमोनिया ६० टन, अशी रसायनांची भली मोठी यादी आहे. डोंबिवलीसारख्या जुन्या वसाहतीत प्लॉट छोटे, मग प्रत्येकाचा साठा मर्यादेच्या खालीच बसतो, पण भिंतीला भिंत लावून असे दहा प्लॉट असले तर रस्त्यापलीकडच्या बाईने काय समजायचं? यादी प्लॉटप्रमाणे मोजते, आग काही प्लॉटप्रमाणे मोजत नाही. तरी छोट्यांनाही सुटका नाहीये. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्ये अख्खं नवीन प्रकरण घातलं, त्यातलं कलम ४१ ब सांगत होतं की धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्याने कामगारांना, इन्स्पेक्टरला, स्थानिक संस्थेला आणि आजूबाजूच्या लोकांनाही धोक्याची माहिती द्यायची. नोव्हेंबर २०२५ पासून फॅक्टरी ॲक्टच्या जागी नवीन कामगार संहिता आलीय पण माहिती देण्याची सक्ती तिच्यातही आहे, त्यामुळे कुणी "तो कायदा गेला आता" म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

मी माहितीवर एवढा का अडून बसतो ते सांगतो. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकी नंबर ६१० मधून जवळजवळ ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारं युनिट काही महिने आधीच बंद केलेलं, गॅस जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची लाइन तोडलेली, हे सगळं पुष्कळ ठिकाणी लिहून आलंय. माझ्या डोक्यातून जात नाही तो सायरन. बाहेरच्या लोकांसाठीचा सायरन वाजला आणि थोड्याच वेळात बंद केला, लोक घाबरू नयेत म्हणून तशी पद्धतच होती. त्या रात्री लोक घराबाहेर पडून वाऱ्याच्याच दिशेने पळाले. तोंडावर ओला कपडा धरा एवढं जरी आधी कुणी सांगितलेलं असतं तरी कितीतरी जीव वाचले असते. मध्य प्रदेश सरकारने मान्य केलेला मृतांचा आकडाच ३,७८७ आहे. मग ७ मे २०२० ला विशाखापट्टणमला स्टायरीनची, म्हणजे प्लास्टिकसाठी लागणाऱ्या रसायनाची, टाकी तापली आणि १२ माणसं गेली, चौकशीत निघालं की सायरन चालू करायची बटणं कारखान्यात ३६ ठिकाणी होती आणि एकही दाबलं गेलं नाही. पस्तीस वर्षांनंतर हे. दोन्हीकडे यंत्र होतं, ते बाहेरच्यांसाठी वाजवायचं असतं हेच कुणाच्या अंगात मुरलेलं नव्हतं.

आणि तुमच्या गावचंच घ्या. २६ मे २०१६ च्या प्रोबेस एंटरप्रायझेसच्या स्फोटात १२ जण गेले, चौकशी समिती नेमली, पण वेल्डिंगचं काम आणि प्रोपार्जिल क्लोराईड हे पटकन पेट घेणारं रसायन यांचा संबंध लोकांना कळला तो माहिती अधिकारात अहवाल मागवल्यावर. अहवाल काय फाइलला वाचायला लिहितात का? २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्सचा रिॲक्टर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते ते मोठं भांडं, फुटला तोपर्यंत आठ वर्षं होती हातात. मधल्या काळात रसायनांनी रस्ता गुलाबी झाला, त्याच्या आधी हिरवा पाऊस झाला, पेपरवाल्यांचे फोटो मात्र छान आले.

आता कामाचं. पहिलं म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर कारखान्याच्या नावाने त्यांची संमती, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात, ती शोधा, तिच्यात कुठली उत्पादनं आणि किती टन हे लिहिलेलं असतं. फक्त उत्पादनच कळेल, कच्चा माल काय ते नाही, पण सुरुवात तिथून करा. दुसरं, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, ज्याला सगळे डिश म्हणतात, कल्याणला त्यांचं ऑफिस आहे, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. अर्जात "सर्व माहिती द्या" असं लिहू नका, ते सरळ फेटाळतात. या प्लॉटवरच्या कारखान्याचा आपत्कालीन आराखडा, शेवटच्या मॉक ड्रिलची तारीख, शेवटच्या तपासणीचा शेरा, असं नेमकं मागा. व्यापारी गुपित म्हणून नाकारलं तर अपील करा, गुपितापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी लागते हे त्याच कायद्यात आहे.

तिसरी गोष्ट कुणालाच माहीत नसते. १९९६ च्या रासायनिक अपघातांच्या नियमांप्रमाणे औद्योगिक पट्ट्यात स्थानिक क्रायसिस ग्रुप, म्हणजे रासायनिक अपघाताच्या वेळी काय करायचं ते बघणारा गट असतो, प्रांताधिकारी त्याचे अध्यक्ष, आणि त्यात कारखानदार, फायर ब्रिगेड, पोलीस तर असतातच पण दोन डॉक्टर, दोन समाजसेवक, सरपंच किंवा गावातली मोठी व्यक्ती आणि चक्क स्थानिक पेपरचा संपादक यांनाही जागा आहे. दर महिन्याला मीटिंग व्हायला पाहिजे असं नियम म्हणतो. तुमच्या भागातल्या ग्रुपमधले ते दोन समाजसेवक कोण आहेत ते विचारा. मी एकदा असंच विचारलं होतं, तर यादीतले एक गृहस्थ वारून चार वर्षं झालेली.

वासाची वही ठेवा. तारीख, वेळ, वारा कुठून, वास कशासारखा. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाईडचा असू शकतो, आणि त्याचं एक वाईट असं की प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून दार उघडू नका. चार बिल्डिंगांच्या वह्या एकत्र आल्या की "आमच्याकडून नाही" म्हणणं अवघड जातं, कारण वारा कुणाच्या बाजूने बोलत नाही.

घर विकायचं का हे मी कसं सांगणार. कारखाने हलवू अशी घोषणा २०२४ मध्ये झालीच होती. पण हलवून कुठे, तर पाताळगंगा, महाड, लोटे अशाच कुठल्या तरी वसाहतीत. तिथेही माणसंच राहतात, लोट्याजवळच्या दाभोळ खाडीतल्या भोयांना विचारा मासळी कुठे गेली ते.

प्रश्न : साहेब, तुमचा लेख वाचून राग आला म्हणून लिहितोय. माझं छोटं युनिट आहे, अठरा माणसं. मंडळ, डिश, बॉयलर, फायर, एमआयडीसी, प्रत्येकाची फाइल वेगळी, प्रत्येकाचा कन्सल्टंट वेगळा. कुठेही स्फोट झाला की आमच्या गेटवर गाड्या येतात, नोटिसा लागतात, दोन महिन्यांनी सगळं शांत. मोठ्या कंपन्या लेटरहेडवर रिस्पॉन्सिबल केअरचा लोगो लावतात आणि सुटतात. जबाबदारी फक्त छोट्यांचीच का? (एक उद्योजक, तारापूर)

उत्तर : राग येऊ द्या, पत्र मात्र आवडलं, कारण यात खोटं काही नाही. फाइल करणं आणि सेफ्टी करणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात आणि आपल्याकडचा इन्स्पेक्टर बहुतेक वेळा फाइलच बघतो. एका इन्स्पेक्टरकडे इतके कारखाने की तो तरी काय करणार, असं म्हणून मीही पुष्कळ वर्षं त्यांची बाजू घेतली. आता नाही घेत.

लोगोबद्दल आधी. रिस्पॉन्सिबल केअर, म्हणजे सुरक्षेची कंपन्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलेली शिस्त, १९८५ मध्ये कॅनडातल्या केमिकल कंपन्यांनी सुरू केलं, भोपाळने सगळ्यांचीच झोप उडाली होती तेव्हा. आपल्याकडे इंडियन केमिकल कौन्सिल ते चालवते. वाईट नाहीये, मी स्वतः त्याच्या ऑडिटला बसलोय आणि चांगल्या कंपनीत त्याने खरंच फरक पडतो. पण ते ऐच्छिक आहे. अमेरिकेतल्या किंग आणि लेनॉक्स या दोन अभ्यासकांनी २००० साली आकडे तपासले तेव्हा मेंबर कंपन्या बाकीच्यांपेक्षा वेगाने सुधारत नव्हत्या असं निघालं, कारण नियम मोडणाऱ्याला बाहेर काढायची सोयच नव्हती. नंतर तिकडे बाहेरच्या माणसाकडून तपासणी सक्तीची केली. म्हणजे आपल्याच भावकीत आपलाच पंच, असं चालत नाही.

आता तुमचं. अठरा माणसांचं युनिट म्हणता, मग मला सांगा तुमच्या इथे वेल्डर आला की कोण काय करतं? मी एका छोट्या प्लॉटवर गेलो होतो, नाव सांगत नाही, मालक सज्जन माणूस. हॉट वर्क परमिटचं, म्हणजे वेल्डिंगसारख्या ठिणग्यांच्या कामाच्या लेखी परवानगीचं बुक अगदी टापटीप, रोजच्या रोज भरलेलं, सह्यांसकट. म्हटलं गॅसचं मीटर दाखवा, ज्याने वेल्डिंगच्या आधी ज्वालाग्राही वाफ आहे का ते बघतात. केमिस्टने कपाट उघडलं. मीटर होतं, त्यावर हळदकुंकू होतं आणि वाळलेल्या झेंडूची माळ होती, दसऱ्याला पूजा केलेली. बटण दाबलं तर बॅटरी संपलेली. मग परमिटवर रोज "शून्य टक्के" कोण लिहीत होतं? तर तोच केमिस्ट, मागच्या पानावरचं बघून. त्याला नाही बोललो मी, तो चोवीस वर्षांचा पोरगा, त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं की तो आकडा मीटरमधून येतो.

यावर कन्सल्टंट लागत नाही हो. मीटर वर्षाला कॅलिब्रेट करून आणायचं, बॅटरी ठेवायची, आणि वेल्डर टाकीजवळ जायच्या आधी पाच मिनिटं थांबायचं, बस. तुमच्यासारख्याने हे केलं तर इन्स्पेक्टर आला काय नि नाही आला काय. आणि स्वतःसाठी एक लक्षात ठेवा. १९८७ च्या दुरुस्तीपासून कंपनीचा भोगवटादार म्हणजे डायरेक्टरच धरला जातो, मॅनेजरवर ढकलता येत नाही. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये श्रीरामच्या कारखान्यातून ओलियम, म्हणजे फार तीव्र गंधकाम्ल, गळलं, त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की धोकादायक धंदा करणाऱ्याने "आम्ही सगळी काळजी घेतली होती" म्हणून भरपाईतून सुटायचं नाही. तुमच्या त्या कुठल्याही फाइलने नाही सुटणार.

बाकी तुमची एक तक्रार मला पूर्ण पटते. पाच खात्यांच्या पाच तपासण्या एकत्र व्हायला पाहिजेत आणि तपासणीचा शेरा लोकांसाठी खुला पाहिजे. तुमचा शेरा चांगला असेल तर तोच तुमचा लोगो. आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैद काढून दंड ठेवला, १० हजार ते १५ लाख. तुम्हाला बरं वाटलं असेल. पण १५ लाख कुणाला जड जातात आणि कुणाच्या वार्षिक चहापाण्यात बसतात हे तुम्हीच मोजा, छोट्यांवर अन्याय म्हणतात तो इथे आहे.

प्रश्न : सर, माझे मिस्टर महाडच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर आहेत. पावडर भरायचं काम असतं, हात पिवळे होतात, खोकला दोन महिने जात नाहीये. कंपनीत विचारलं तर म्हणतात ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणतो मास्क दिलाय की. कुठली पावडर आहे ते त्यांनाही माहीत नाही. जास्त बोललं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. (महाड तालुका)

उत्तर : ताई, आधी खोकल्याचं बघा. डॉक्टरकडे जाताना "केमिकल कंपनीत पावडर भरतात" हे सांगा, नाहीतर तो नेहमीचं सिरप देईल. ईएसआयचं कार्ड असेल तर तिथेच दाखवा म्हणजे नोंद राहील. नोंद फार महत्त्वाची आहे, पुढे दोन वर्षांनी काही निघालं तर तोच कागद.

मास्क कसला दिलाय ते बघा. कापडी किंवा कागदी मास्क नाकावर असल्याचं समाधान देतो, बारीक पावडरीला तो पुरत नाही आणि सॉल्व्हंटच्या वाफेला तर अजिबातच नाही, त्याला वेगळं कार्ट्रिज, म्हणजे वाफ गाळणारी डबी, लागते. कामाचे कपडे घरी पोरांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, वेगळ्या बादलीत. हे तुम्ही आजपासून करू शकता, कुणाची परवानगी नको.

पावडर कुठली हे कळायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, ठेकेदाराचा माणूस असला तरी. प्रत्येक घातक रसायनाचं सेफ्टी डेटा शीट असतं, प्लांटवर सगळे एमएसडीएस म्हणतात, सोळा भागांचं, आणि ते कारखान्यात ठेवणं बंधनकारक आहे. पण ते असतं इंग्लिशमध्ये, फाइलमध्ये, फाइल ऑफिसात, ऑफिसला कुलूप. त्यामुळे सोपं काम सांगतो. पोत्यावरचं लेबल बघायला सांगा, लाल चौकटीतलं चित्र असतं, कवटी, ज्वाळा, किंवा माणसाच्या छातीवर फुटलेल्या ताऱ्यासारखं, आणि नाव. नाव एका चिठ्ठीवर उतरवून आणलं तरी डॉक्टरला पुष्कळ कळतं. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची कामावर घ्यायच्या आधी आणि मग निदान वर्षातून एकदा तपासणी व्हायलाच पाहिजे आणि तिचे रिपोर्ट त्याला बघायला मिळायला पाहिजेत, हे भोपाळनंतरचंच. तुमच्या मिस्टरांची झाली का, हे त्यांनी एकट्याने विचारू नये, चार-पाच जणांनी मिळून विचारावं, म्हणजे उद्या एकाला काढता येत नाही. कामगार संघटना असेल तर तिच्यामार्फत. संचालनालयाकडे तक्रार केली तर तक्रार करणाऱ्याचं नाव उघड करू नये असा नियम आहे, पण छोट्या जागी सगळ्यांना सगळं कळतं हे मलाही माहीत आहे, म्हणून मी "बिनधास्त तक्रार करा" असं लिहीत नाही.

प्रश्न : युरोपात रीच नावाचा कायदा आहे असं कॉलेजात शिकवलं. आपल्याकडे तसं का नाही? (केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तिकडे २००७ पासून सूत्र असं की माहिती नाही तर बाजार नाही. वर्षाला एक टनाच्या वर कुठलंही रसायन बनवायचं किंवा आणायचं तर ते घातक आहे की नाही याचा पुरावा कंपनीने द्यायचा. आपल्याकडे उलट आहे, घातक आहे हे सरकारने किंवा तुमच्या फुफ्फुसाने सिद्ध करायचं. केंद्राचा तसा मसुदा २०२० मध्ये आला होता, मसुदाच राहिला. गंमत अशी की आपल्याच पट्ट्यातल्या कितीतरी कंपन्या माल जर्मनीला पाठवतात आणि त्यासाठी जाडजूड कागदपत्रं तयार करतात. म्हणजे त्या पावडरीची माहिती हॅम्बुर्गच्या गोदीतल्या माणसाला आहे, महाडच्या ताईंच्या मिस्टरांना नाही. तुम्ही नोकरीला लागलात की पहिल्या आठवड्यात एवढंच करा, एका रसायनाचं शीट मराठीत, एका पानात, मोठ्या अक्षरात लिहून प्लांटवर लावा. बॉस विचारेल कशाला. सांगा मला सराव करायचाय.

प्रश्न : बोरघाटात समोर टँकर उलटला तर आपण काय करायचं? (खोपोली)

उत्तर : व्हिडिओ काढायला जवळ जायचं नाही, आधी वारा बघा. झाडाची पानं, धूळ, कुणाचा पदर, काहीही बघा आणि वाऱ्याला आडवं, म्हणजे बाजूला सरका. टँकरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना एक पाटी असते, तिच्यावर चार आकडी नंबर असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया. लांबूनच मोबाइलने झूम करून तो नंबर वाचा आणि ११२ ला फोन करून आधी तो नंबर सांगा, "केमिकलचा टँकर" एवढंच नको. क्लोरीन हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि खालच्या वळणावर साचतो, म्हणून उताराकडे पळू नका. इंजिन बंद, बिडी-सिगारेट बंद. आणि पाटीच रंगाखाली पुसलेली किंवा चिखलाने झाकलेली असेल, तर तेही फोनवर सांगा, कारण मग फायर ब्रिगेडवाल्यांना अंधारातच यावं लागतं.